मुदतवाढ म्हणजे मदत नव्हे

२४ मार्च २०२० रोजी दुपारी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करविषयक सवलतींची पहिली यादी जाहीर केली आणि त्याच मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. यादीतील बहुतेक कलमे तारखांची होती. २०१८-१९ या वर्षाचे राहिलेले प्राप्तिकर विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरता येईल. विलंबाने भरलेल्या करावर १२ ऐवजी ९ टक्के व्याज आकारले जाईल. पाच कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांनी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे जूनअखेर भरली तरी व्याज, विलंब शुल्क वा दंड पडणार नाही. ३१ मार्चच्या वटहुकुमाने यातील अनेक सवलतींना कायद्याचे बळ मिळाले. पुढे वर्षभर परिपत्रके, खुलासे व फेरखुलासे निघत राहिले आणि तारखा पुढे सरकत राहिल्या.

कचेऱ्या बंद, हिशेबनीस गावी अडकलेला, दप्तर दुकानात कुलूपबंद, अशा स्थितीत मुदत वाढविणे आवश्यकच होते. त्याबद्दल सरकारला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो या मुदतवाढीला अर्थसाहाय्याच्या पंक्तीत बसविण्यात आले तेव्हा.

लग्नपत्रिका व पावतीपुस्तके छापणारा एखाद्या तालुक्याच्या गावचा छापखाना घ्या. त्याची वर्षाची कमाई मुख्यतः एप्रिल-मे या दोन महिन्यांत होते. तो हंगाम २०२० मध्ये आलाच नाही. ज्याची विक्री बुडाली त्याला विक्रीवरील कर फारसा देणे नसतो. मग तो उशिरा भरण्याची मुभा मिळून त्याच्या हाती काय पडणार? फेब्रुवारीत छापून दिलेल्या, पण पैसे न आलेल्या मालावरचा कर मात्र देणे होता, कारण हा कर सामान्यतः बिलावर लागतो, वसुली होण्याची वाट पाहत नाही. तेवढ्यापुरती मुदतवाढ उपयोगी पडली. जागेचे भाडे आणि दोन कामगारांचा पगार यांची तारीख मात्र कोणत्याही वटहुकुमाने पुढे गेली नाही.

मे महिन्यात वीस लाख कोटींच्या योजनेत आणखी एक सवलत आली. पगाराखेरीज इतर देयकांवर उगमस्थानी होणारी करकपात, म्हणजे नेहमीच्या भाषेतील टीडीएस, १४ मे २०२० पासून ३१ मार्च २०२१ पर्यंत एक चतुर्थांशाने कमी करण्यात आली. यामुळे ५० हजार कोटी रुपये लोकांच्या हाती खेळतील असे सांगितले गेले. लाख रुपयांच्या व्यावसायिक शुल्कातून दहा हजारांऐवजी साडेसात हजार कापले गेले, हे खरे. परंतु वर्षाचा एकूण कर तेवढाच राहिला. उरलेले अडीच हजार अग्रिम करात किंवा विवरणपत्राच्या वेळी भरावयाचेच होते. आज वजा न केलेली रक्कम उद्या वसूल होणार असेल तर तिला उसनवार म्हणता येईल, अनुदान म्हणता येणार नाही. (पगारदार शिक्षक वा कारकून यांच्या वाट्याला ही उसनवारही नव्हती.) अडकलेले परतावे त्वरेने देण्याचे आदेश निघाले, आणि धर्मादाय न्यासांचाही त्यात समावेश होता. ते स्वागतार्ह होते, पण परतावा म्हणजे करदात्याचाच पैसा. खरे अर्थसाहाय्य म्हणावे असे थोडे होते. त्यात शंभरपर्यंत कामगार असलेल्या व बहुतांश वेतने पंधरा हजारांखाली असलेल्या आस्थापनांचा भविष्यनिर्वाह निधीचा संपूर्ण २४ टक्के भरणा मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात सरकारने उचलला, ही योजना ठळकपणे नोंदली पाहिजे.

कर्जाच्या बाबतीतही मदतीचे चलन काळ हेच होते. रिझर्व्ह बँकेने हप्ते मार्चपासून ऑगस्टअखेर थांबविण्याची मुभा दिली. व्याज मात्र चढतच राहिले. व्याजावरील व्याज कोणत्याही कर्जदाराकडून घेऊ नये, हे ठरण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २३ मार्च २०२१ चा निकाल यावा लागला. तीन लाख कोटींच्या हमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्के नवे कर्ज मिळत होते. ज्याच्या नावावर पाच लाख होते त्याला आणखी एक लाख मिळे. ज्याने आजवर बँकेचे ऋणच काढले नव्हते, किंवा जो गावच्या पतपेढीवर विसंबून होता, त्याला शून्याचे वीस टक्के.

अन्यत्र काय झाले? ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० अखेर जाहीर केलेल्या योजनेत, उलाढाल साधारणपणे ३० टक्क्यांनी घटलेल्या मालकास प्रत्येक पात्र कामगारामागे पंधरवड्याला १५०० डॉलर देऊ केले. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांसाठी घटीची अट १५ टक्केच होती, कारण संकटात देणग्या आटतात तेव्हाच अशा संस्थांचे काम वाढते. भारताची तिजोरी तेवढी भरलेली नाही आणि बहुसंख्य कामगार कोणत्याच हजेरीपटावर नसतात, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु वस्तू व सेवा कराखाली एक कोटीहून अधिक नोंदणीकृत व्यावसायिकांच्या उलाढालीची नोंद सरकारच्या संगणकात होती. किमान या वर्तुळात तरी कोणाचा धंदा किती घटला हे मोजणे अशक्य नव्हते. थोडीच रक्कम द्यावयाची असती तरी ती कोठे द्यावी हे त्यावरून कळले असते.

आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांच्या वाट्याला उलटाच अनुभव आला. पायी निघालेल्या मजुरांसाठी चुली पेटविणाऱ्या या संस्थांचा मोठा आधार म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी. साथीवरील खर्च त्यात धरला जाईल असा खुलासा २३ मार्च २०२० ला निघाला. लगेच स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कमही त्यात धरण्यात आली. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली मात्र धरली जाणार नाही, असे १० एप्रिलच्या परिपत्रकाने सांगितले. २७ ते ३१ मार्च या पाच दिवसांतच पीएम केअर्समध्ये ३,०७६ कोटी रुपये जमा झाले. कंपनीचा दायित्वनिधी मर्यादित असतो. त्यातला जो भाग दिल्लीकडे वळला तो जिल्ह्यातल्या संस्थेकडे येणे शक्य नव्हते.

सप्टेंबर २०२० मध्ये, रुग्णसंख्या शिगेला असताना, विदेशी देणग्यांचा कायदा दुरुस्त झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते उघडणे सक्तीचे झाले, आणि एका संस्थेने अशी देणगी दुसरीस देण्यास पूर्ण बंदी झाली. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळवून वस्तीत काम करणाऱ्या लहान मंडळांचा हा झरा ऐन उन्हाळ्यात बंद झाला. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू मान्य केला, तरी त्यासाठी निवडलेली वेळ अनाकलनीय होती.

त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने सर्व धर्मादाय न्यासांना प्राप्तिकर खात्याकडे नव्याने नोंदणी करण्यास आणि दर पाच वर्षांनी ती ताजी करण्यास सांगितले होते. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब देणाऱ्या आपल्याकडील वाचनालये, वसतिगृहे व शिक्षणसंस्था यांनाही हे करणे भाग पडले. ही तरतूद जून २०२० वरून ऑक्टोबरवर आणि तेथून एप्रिल २०२१ वर गेली. त्यानंतर अर्जाची मुदत इतक्या वेळा वाढली की ती अखेरीस ३० जून २०२४ वर येऊन थांबली.