टिंबाखाली टिंब

सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव घ्या की हिंगोली जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, मार्च सरला की तक्ते छापायचं काम निघतं. विकास सोसायटीचा अहवाल, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, बचत गटाचा हिशोब, हळदीच्या नमुन्यांची तपासणी. मजकूर दोनदा वाचला जातो, आकड्यांचे रकाने मात्र जसे टाइप झाले तसे छापून येतात. ४.८५ खाली १२.३ आणि त्याखाली १०७.०४ असे तिन्ही आकडे डाव्या कडेला चिकटलेले असले, की मोठा कोणता आणि लहान कोणता हे नजरेला कळत नाही. एकेक आकडा वाचत बसावं लागतं.

दशांश चिन्ह, म्हणजे बोलताना आपण ‘पॉइंट’ म्हणतो ते टिंब, एकाखाली एक आणलं की हा त्रास संपतो. एककाखाली एकक येतं, दशकाखाली दशक. संगणकावर हे काम दहा मिनिटांचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि बहुतेक तक्ते तिथेच बिघडतात.

आपल्या रकान्यातलं टिंब खरोखर दशांशाचं आहे का, हे आधी पाहा.

रुपये-पैशांचं टिंब दशांशाचं आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, म्हणून ५०.२५ हा खरा दशांश अपूर्णांक. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असत, आणि वहीत रुपये, आणे, पै यांचे तीन वेगळे रकाने आखलेले असत. जुन्या पंचांगांतही घटी आणि पळं शेजारी शेजारी पण वेगळी छापलेली दिसतात, कारण एका घटीची पळं साठ. जिथे शंभराचा हिशोब नव्हता तिथे जुन्या लोकांनी टिंबावर भिस्त ठेवली नाही, रकाने पाडले.

आपण मात्र एकर-गुंठे सर्रास टिंबाने लिहितो. २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, त्यामुळे २.३९ च्या पुढचा आकडा ३.०० असतो. क्रिकेटमध्ये ४.५ षटकांनंतर थेट ५ येतात, तसाच हा प्रकार. २.३० आणि १.२० यांची बेरीज संगणक ३.५० सांगेल. खरी बेरीज चार एकर दहा गुंठे. असा रकाना टिंबाखाली टिंब घेऊन सुबक छापला तर चूक आणखीच खरी वाटायला लागते. म्हणून एकरांचा रकाना वेगळा करा, गुंठ्यांचा वेगळा, आणि दोन्ही उजव्या कडेला लावा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणखी वेगळं. तिथे ०.८१.०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे शून्य हेक्टर, एक्याऐंशी आर, शून्य चौरस मीटर. एका आकड्यात दोन टिंबं! हेक्टरचे शंभर आर आणि आरचे शंभर चौरस मीटर असल्यामुळे इथे हिशोब शंभराचाच आहे. हेच क्षेत्र ०.८१०० हेक्टर असं एकाच टिंबाने लिहिता येतं आणि मग त्याची बेरीजही बरोबर येते. फक्त एक हेक्टर पाच आर हे १.५ असं लिहू नका. ते १.०५ आहे. १.५ म्हणजे एक हेक्टर पन्नास आर, आणि या एका शून्यात पंचेचाळीस आर जमीन आहे.

टिंब दशांशाचंच आहे अशी खात्री झाली, की पुढची पायरी: आकडे सारखे करून घेणं.

टिंबाआधी काही नसेल तर शून्य लिहा; .८१ पेक्षा ०.८१ बरं, नाहीतर छपाईत टिंब पुसट झालं की एक्याऐंशीच वाचले जातात. ‘रु.’, ‘क्विं.’, ‘टक्के’ ही एककं प्रत्येक घरात लिहू नका, शीर्षकात एकदाच लिहा. यात नीटनेटकेपणा आहेच, शिवाय ‘रु.’ मध्येही एक टिंब आहे. इनडिझाइनसारखा पानं मांडायचा प्रोग्राम ओळीतलं पहिलं टिंब धरतो आणि ‘रु’ नंतरच्या टिंबावर अख्खा आकडा टांगतो.

टिंबानंतरचे अंक सगळीकडे सारखे असतील, जसे पैशांत दोनच, तर खास काही करायची गरज नाही. रकाना उजव्या कडेला लावा, टिंबं आपोआप एका रेषेत येतील. अंक कमी-जास्त असतात तिथेच दशांशाची जुळवणी लागते. हळदीच्या एका नमुन्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, ४.२ टक्के आणि दुसऱ्यात ३.८५ टक्के नोंदलेलं असेल, तर पहिल्याला शून्य जोडून ४.२० करू नका. प्रयोगशाळेने जे मोजलंच नाही ते आपण छापल्यासारखं होतं.

आता वर्डमध्ये प्रत्यक्ष जुळवणी. व्ह्यू मेनूत जाऊन रुलर, म्हणजे वरची मोजपट्टी, दिसते आहे ना ते पाहा. मोजपट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन असतो. त्यावर क्लिक करत गेलं की खुणा बदलतात. उलट्या ‘टी’च्या शेजारी ठिपका दिसला की थांबा. हा डेसिमल टॅब, म्हणजे टिंब जिथे यायला हवं ती जागा सांगणारी खूण.

शीर्षकाची ओळ सोडून रकान्यातले फक्त आकडे निवडा, त्यांना आधी डावीकडे लावा आणि मग मोजपट्टीवर त्या रकान्याच्या साधारण मध्यावर क्लिक करा. आकडे लगेच सरकून टिंबावर येतील. टॅबची कळ दाबू नका. तक्त्यात ती दाबली की कर्सर पुढच्या घरात उडी मारतो. खूण ओढून डावी-उजवीकडे नेता येते.

आकडे हलले नाहीत, तर ते मध्यावर किंवा उजवीकडे लावलेले आहेत का ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तेच निघतं. ‘निरंक’ लिहिलेली घरं मात्र टिंबाच्या डाव्या बाजूला लोंबकळतात. त्या घरातली खूण मोजपट्टीवरून खाली ओढून काढून टाका आणि शब्द मध्यावर घ्या.

इनडिझाइनमध्ये हेच काम टॅब्जच्या पट्टीत होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. तिथे एक जास्तीची सोय आहे: कोणत्या चिन्हावर जुळवायचं ते आपण सांगू शकतो. ही सोय जुन्या फॉन्टांसाठी फार मोलाची. युनिकोडच्या आधीच्या काही फॉन्टांत, जसं कृतिदेव ०१०, पडद्यावर टिंब दिसतं पण संगणकाच्या लेखी ते टिंब नसतं, जोडरेघ असते. आणि टिंबाची कळ दाबली तर अर्धा ‘ण’ उमटतो. डेसिमल टॅब टिंब शोधत राहतो, त्याला ते सापडत नाही. ‘संगणक बिघडला’ असं म्हणून पुष्कळ जण इथेच स्पेसबार बडवायला लागतात. जुळवणीच्या चिन्हाच्या चौकटीत जोडरेघ टाकली की काम होतं. तक्ता नव्याने करायचा असेल तर सरळ युनिकोड फॉन्ट घ्या.

स्पेसबारने जुळवलेला तक्ता पडद्यावर ठीक दिसेल, पण फॉन्ट बदलला की विस्कटेल. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्याच्या काळात रिकाम्या जागा भरूनच रकाने बसवत, हे खरं. पण जुळारी मोजलेल्या रुंदीचे कोरे तुकडे वापरत, आणि अंकाचे खिळेही सहसा एकाच रुंदीचे ओतलेले असत. स्पेसबारची जागा अंकाएवढी रुंद असेलच असं नाही.

अंकांच्या रुंदीची परीक्षा सोपी आहे. एका ओळीत दहा वेळा १ टाइप करा, खालच्या ओळीत दहा वेळा ८. दोन्ही ओळी एकाच जागी संपल्या तर तो फॉन्ट तक्त्यांना चालेल. १ ची ओळ आखूड पडली तर टिंबं जुळतील, पण त्यांच्या आजूबाजूचे अंक एकाखाली एक बसणार नाहीत. काही फॉन्टांत सारख्या रुंदीचे अंक वेगळे दिलेले असतात. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत ॲडव्हान्स्ड भागात नंबर स्पेसिंग आहे, तिथे टॅब्युलर निवडून पाहा. काहीच बदललं नाही तर फॉन्ट बदला.

एक रकाना मात्र जुळवायच्या फंदात पडू नये असा आहे. माती परीक्षणाच्या पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश हे सगळं एकाखाली एक येतं. ७.८ सामू आणि हेक्टरी १८८.१६ किलो नत्र यांची तुलना कुणी करत नाही. तिथे टिंबं जुळली काय अन् न जुळली काय, शेतकऱ्याला एकक ठळक दिसायला हवं.

फाईल छापखान्यात देताना वर्डची देऊ नका, पीडीएफ करून द्या. समोरच्या संगणकात आपला फॉन्ट नसेल तर सगळी जुळवणी वाया जाते. आणि कच्ची प्रत हातात आली की प्रत्येक रकान्याची बेरीज एकदा कागदावर करून पाहा, एकर-गुंठ्यांची तर नक्कीच.