‘बी टीम’ला वर चढायचंच नसतं

लालबाग, परळ, करी रोड हा पट्टा कबड्डीचा आणि क्रिकेटचा. फुटबॉल इथे बहुधा मध्यरात्री मोबाइलवर बघितला जातो आणि सकाळी स्टेशनवर त्याचा काथ्याकूट होतो. रिअल माद्रिदच्या राखीव संघात कोण खेळतो हे तोंडपाठ असणारी पोरं इथे सापडतात. मुंबई सिटी एफसीचाही एक तरुण संघ आहे आणि तो रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळतो, हे मात्र त्यांच्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याही डोक्यात या लीगबद्दल बराच गोंधळ असतो.

गैरसमज: ही खालची डिव्हिजन आहे, जिंकलं की संघ वर चढतो.

हा समज आपल्याकडे क्रिकेटच्या कांगा लीगमुळे पक्का झाला असावा. तिथे क्लब एका डिव्हिजनमधून वरच्या डिव्हिजनला जातो, हे मुंबईकर लहानपणापासून बघत आलाय. भारतीय फुटबॉलमध्येही तशी शिडी आहे. वर इंडियन सुपर लीग आणि तिच्याखाली इतर लीग; 2024-25 मध्ये त्या आय-लीग, आय-लीग 2 आणि 3 अशा होत्या. डेव्हलपमेंट लीग मात्र या शिडीवर नाहीच, ती शेजारी उभी आहे. ती जिंकणारा संघ पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये जात नाही.

राखीव संघांना शिडीवर चढवून बघण्याचा प्रयोगही झाला. 2018 च्या आय-लीग दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सुपर लीगच्या क्लबांचे राखीव संघ उतरले होते, पण बढती त्यांना नव्हती. त्या वर्षी वर गेला तो रिअल काश्मीर. नियमामागचं कारण साधं आहे. एकाच मालकाचे दोन संघ एकाच लीगमध्ये आले, तर एकमेकांविरुद्धचा सामना खरा कसा मानायचा?

स्पेनमध्ये राखीव संघ शिडीवरच खेळतात, पण तिथेही मूळ संघाच्या डिव्हिजनमध्ये जाता येत नाही. चषक स्पर्धांना पूर्वी हे बंधन नव्हतं, आणि त्यातून 1980 मध्ये गंमत झाली. रिअल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया एकेक मोठा संघ हरवत थेट कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि समोर कोण? रिअल माद्रिद. मोठ्यांनी धाकट्यांना 6-1 ने धुतलं. तरी माद्रिद लीगही जिंकलेलं असल्याने चषक विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत पुढच्या मोसमात कास्तियाच खेळला.

गैरसमज: राखीव म्हणजे बेंचवरचे, नाहीतर टाकलेले.

बेंचवर बसलेला बदली खेळाडू मुख्य संघाचाच असतो. विकास संघ वेगळा. त्याचा प्रशिक्षक वेगळा, सराव वेगळा आणि मुख्य म्हणजे वय वेगळं. 2022 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा ती मुख्यतः 21 वर्षांखालच्यांची होती, मोजक्याच मोठ्या खेळाडूंना मुभा होती. पहिला मोसम गोव्यात झाला. आठ संघ होते आणि विजेता ठरला बेंगळुरू एफसी.

त्या बेंगळुरूच्या संघात शिवशक्ती नारायणन होता. मे महिन्यात लीग संपली आणि 18 सप्टेंबरला कोलकात्यात ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच पोराने सुरुवातीलाच गोल केला. कुणाविरुद्ध? आपल्याच मुंबई सिटीविरुद्ध. बेंगळुरू 2-1 ने जिंकलं. पुढच्या सुपर लीग मोसमात तो सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. याला टाकाऊ माल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

गैरसमज: इंडियन अ‍ॅरोज हेच तर होतं.

नव्हतं. अ‍ॅरोज हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा संघ. 2010 मध्ये तो उभा राहिला, मध्ये बंद पडला आणि 2017 मध्ये 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळलेल्या पोरांना घेऊन पुन्हा मैदानात आला. तो थेट आय-लीगमध्ये, अनुभवी व्यावसायिकांविरुद्ध खेळायचा. पदावनतीतून त्याला सूट होती, त्यामुळे तळाला राहिला तरी पुढच्या वर्षी हजर. हरून शिकण्याची ही पद्धत वाईट नव्हती. उणीव दुसरीच होती. खेळाडू तयार झाला तरी ज्यात त्याने जावं असा त्या संघाचा मोठा संघच नव्हता. विकास संघाच्या डोक्यावर तो असतो, आणि तिथला प्रशिक्षक खालचे सामने बघत असतो. अ‍ॅरोज 2022 मध्ये बंद झाला.

गैरसमज: ही सुपर लीगवाल्यांची घरगुती स्पर्धा आहे.

पहिल्या वर्षी चित्र जवळपास तसंच होतं. आठपैकी सात संघ सुपर लीगचे आणि आठवा नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीचा. पुढच्याच मोसमात लीग विभागवार पसरली आणि बाहेरच्या क्लबांना दार उघडलं. 2025 च्या अंतिम सामन्यात मोहन बागानसमोर मणिपूरची क्लासिक फुटबॉल अकादमी होती. सामना बागानने जिंकला, पण अकादमी तिथवर आली हे महत्त्वाचं.

आता मुंबईचं. या शहरात फुटबॉल कधी नव्हताच, असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. रोव्हर्स कप इथे 1891 मध्ये सुरू झाला. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ कूपरेजवर खेळले. चांगला खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरी द्यायची. विशी ओलांडताना घरचे ‘आता पुरे’ म्हणायचे, नेमकी तेव्हाच ती नोकरी त्याला मैदानावर टिकवायची. गिरण्या गेल्या. 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता महिंद्रा युनायटेडही 2010 मध्ये बंद झाला. अठरा ते एकवीस या वयातला तो आधार नाहीसा झाला, आणि ती पोकळी भरायला आज जे काही आहे त्यात ही लीग आहे. शहरातल्या लीगचे सामने परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर आजही होतात, करी रोडहून चालत जाता येईल इतक्या जवळ.

तर डेव्हलपमेंट लीग चांगली की वाईट? माझ्या मते कल्पना योग्य आहे, माप तोकडं पडलं. 2022 मध्ये पहिल्या मोसमात प्रत्येक संघाच्या वाट्याला आले सात सामने. त्याच वर्षी अमेरिकेत एमएलएस नेक्स्ट प्रो ही मुख्यतः राखीव संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिथे प्रत्येक संघ साखळीतच 24 सामने खेळला. एकोणीस वर्षांच्या पोराला सरावापेक्षा सामने जास्त शिकवतात, आणि सात सामन्यांत धड फॉर्मही कळत नाही. नंतर आपल्याकडे संघ वाढले, टप्पे वाढले, पण साखळीत बाद झालेल्या संघाचा मोसम लवकर आटोपतो, ही अडचण आहेच.

मुलाला कुठल्या क्लबच्या किंवा अकादमीच्या ट्रायलला पाठवत असाल, तर जर्सीवरचं नाव आणि टर्फचा दर्जा नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा: त्याच्या वयोगटाला मोसमात स्पर्धेचे सामने किती मिळतात, आणि गेल्या दोन वर्षांत इथून मोठ्या संघात कोण गेलं. दोन्हींचं सरळ उत्तर आलं नाही, तर फी भरण्याची घाई करू नका.