काचेखालचे ठिपके

नव्वदच्या दशकात सातारा-सांगलीच्या गल्ल्यांत पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांच्या पत्त्यांवरून हमरीतुमरीवर यायची. छाती कुणाची रुंद, दंड कुणाचे जाड, किती लढती मारल्या, सगळा हिशेब पत्त्यावरच छापलेला. जपून ठेवलेले तेच पत्ते आता लोक स्कॅन करून इंटरनेटवर चढवतात, आणि पडद्यावर हल्क होगनच्या दंडावर लाटांची नक्षी उमटते. पत्त्यावर ती नसतेच. मग आली कुठून?

भिंग लावून बघा. दंडाचा रंग असा कुठे नाहीच; आहेत ते निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी वेगळ्या कोनात तिरक्या, काळ्याच्या बहुधा 45 अंशांत, कारण ओळी एकमेकींवर बसल्या तर नक्षी उठते हे छापखान्याला आधीच ठाऊक. स्कॅनरही चित्र ठिपक्यांतच मोजतो. एकावर एक टांगलेल्या दोन मच्छरदाण्यांत जशा लाटा दिसतात, तशीच ही नक्षी.

पण राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली शिळाछापाची जुनी तसबीर स्कॅन केली तर हा खोडसाळपणा सहसा होत नाही. तिथेही ठिपके आहेत, पण दगडावर कारागिरांनी हाताने दिलेले, ओळीत न बसणारे. मला तर हे फारच गोड वाटतं: हाताचा बेशिस्तपणा यंत्राला फसवू देत नाही!

पत्त्यांसाठी उपाय साधा आहे. इंचाला निदान 600 ठिपक्यांवर स्कॅन करायचं, ठिपके पुसणारी ‘डीस्क्रीन’ सोय वापरायची, मग चित्र लहान करायचं आणि धार सगळ्यात शेवटी द्यायची. अडीच बाय साडेतीन इंचांच्या पत्त्याचे असे 1500 गुणिले 2100, म्हणजे साडेएकतीस लाख ठिपके होतात. पत्ता पातळ असेल तर पाठीवरचा मजकूर पुढे डोकावतो. मागे काळा कागद ठेवला की आरपार गेलेला उजेड परत येत नाही, मजकूर गडप. पांढरी कडाही उठून दिसते.

चढवायची फाइल जेपीजी. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारकावे गाळते, आणि बदल करून पुन्हा साठवली की आणखी गाळते. म्हणून मूळ स्कॅन बारकावे न गाळणाऱ्या टिफ फाइलीत वेगळा ठेवायचा.