हात लहान असेल तर हायड्रॉलिक ब्रेक कसा निवडायचा?

अकोल्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

मी सॉफ्टवेअरवाला. आठवडाभर लॅपटॉप, रविवारी सायकल. मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी मावसबहीण परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. चढताना ताई माझ्या पुढे होती. उतरताना मात्र एका वळणावर ती थेट कठड्याजवळ जाऊन थांबली. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "ब्रेक लागूनच नाही राहिला रे!"

सायकल नवी, ब्रेक हायड्रॉलिक, बिघाड काहीच नाही. मग मी तिचा हात पाहिला. बोटाचं फक्त टोक लिव्हरला टेकत होतं. दुकानातून फ्रेम लहान मापाची मिळाली होती, पण लिव्हर कारखान्यातून आली तशीच, मोठ्या हाताच्या अंतरावर होती. बोटाच्या टोकात कितीसा जोर येणार?

म्हणून ब्रेक निवडताना आपण कॅलिपरची ताकद विचारतो, पण लहान हातासाठी आधी लिव्हर बघायची. चार गोष्टी तपासा.

पहिली, रीच. म्हणजे मुठीपासून लिव्हरचं अंतर. तळवा मुठीवर नीट टेकवून तर्जनी पुढे करा. लिव्हर बोटाच्या पहिल्या पेराच्या घडीत बसली पाहिजे. बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकना हे अंतर कमी करायचा स्क्रू असतो. शिमानोच्या एमटी२०० सारख्या स्वस्त ब्रेकलाही आहे, बारीक ॲलन कीनं फिरतो. विकत घेण्याआधी दुकानातच फिरवून दाखवायला सांगा.

दुसरी, लिव्हरची जागा. लिव्हर बिजागरीपासून जितकी लांब धराल तितका जोर कमी लागतो. दाराची कडी बिजागरीजवळ बसवत नाहीत, तसंच. क्लॅम्प सैल करून लिव्हर हँडलच्या मध्याकडे सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या वाकड्या टोकावर येईल.

तिसरी, बाईट पॉईंट. पॅड रोटरला धरतात ती जागा. इथेच बरेच जण फसतात. रीच कमी केला की पुष्कळ ब्रेकमध्ये बाईट पॉईंटही मुठीजवळ येतो, आणि जोरात दाबल्यावर लिव्हर बाकीच्या बोटांवर आपटते. म्हणून रीच जुळवल्यावर लिव्हर पूर्ण दाबून बघाच. स्पंजासारखी दबत असेल तर तेलात हवा आहे, ब्लीड करून घ्या. बजेट असेल तर स्रॅम कोड आरएससी सारख्या ब्रेकमध्ये बाईट पॉईंट वेगळा जुळवता येतो.

चौथी, रोटर. १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर लावला तर तेवढ्याच दाबात साधारण १२ टक्के जास्त रोध मिळतो. बोटांत जोर कमी असेल तर फार उपयोगी. पण फ्रेम आणि फोर्कला तो चालतो का, हे आधी विचारा. शिमानोच्या डिओर एम६१०० मध्ये सर्व्हो वेव्ह आहे. त्यात पॅड लवकर जवळ येतात आणि नंतर दाब वाढतो, तोही फायदा.

तेलाबद्दल एकच. शिमानो आणि टेक्ट्रोमध्ये मिनरल ऑइल चालतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट. अदलाबदल केली तर सील खराब होतात. आपल्या गावात जे तेल मिळतं आणि ज्याचं ब्लीडिंग मेकॅनिकला जमतं, तोच ब्रेक घ्या.

आणि मूठ जाड नको. जाड मूठ किंवा फुगीर ग्लोव्ह घातला की बोट तेवढंच आखूड पडतं.

ताईचं काय झालं? घाटातच मी रीच कमी केला, तर लिव्हर मुठीला टेकायला लागली. मग तीव्र उतार आम्ही सायकली हातात धरून पायी उतरलो. ताई वैतागली, पण ऐकलं. अकोल्यात येऊन ब्लीड केलं, लिव्हर आत सरकवली, पुढे १८० चा रोटर लावला. आधी कॉलनीतल्या सपाट रस्त्यावर आठवडाभर सराव केला, मग नरनाळ्याला गेलो. यावेळी उतरतानाही ती माझ्या पुढेच होती.

तुमच्या घरी बहीण, आई किंवा पोरगं एमटीबी चालवत असेल तर आज संध्याकाळी त्यांचं बोट लिव्हरवर कुठं बसतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात भेटू!