18 बाइटची चिठ्ठी

एका पतसंस्थेच्या कामासाठी पोस्टग्रेसमध्ये चाचणीचं टेबल केलं: खाते क्रमांक, तारीख आणि कागदपत्रासाठी ‘बाइटिया’ कॉलम. गहाणखताचा 5 एमबीचा स्कॅन त्यात टाकला आणि फाइल नेमकी कुठे गेली ते शोधत बसलो.

मूळ टेबलात ती नव्हतीच. पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं, आणि एक ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. ओळ साधारण 2 केबीच्या वर गेली की मोठा ऐवज आधी दाबून पाहिला जातो. तरी भागलं नाही तर तुकडे करून शेजारच्या ‘टोस्ट’ टेबलात जातो. मूळ ओळीत उरते त्यांचा पत्ता सांगणारी 18 बाइटची चिठ्ठी. शेजारी पाहिलं तर सुमारे 2600 तुकडे. स्कॅन जेपेगनं आधीच आवळलेला, त्यामुळे दाबण्याची खटपट फुकटच; कॉलमला ‘एक्स्टर्नल’ स्टोरेज दिलं की तीही थांबते.

ही चिठ्ठी फार कामाची. नुसत्या तारखा चाळणाऱ्या क्वेरीला स्कॅनचं ओझं जाणवतही नाही. कुणी ‘सिलेक्ट स्टार’ लिहीपर्यंत, अर्थात. आणि ते कुणीतरी लिहितंच.

खरा भार बॅकअपला कळतो. पीजी-डंप बाइटिया हेक्समध्ये लिहितो, एका बाइटला दोन अक्षरं. 5 एमबीचे 10 होतात. कागदोपत्री मर्यादा 1 जीबीची, पण अर्ध्या जीबीच्या पुढची फाइल आत गेली तरी डंपच्या वेळी अडते, कारण तिचं हेक्स रूप त्याच मर्यादेत बसत नाही. आत गेलं म्हणजे सुखरूप आहे, असं मी तेव्हापासून धरत नाही.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका अहवालात सीअर्स, व्हॅन इन्जेन आणि जिम ग्रे यांनी 2006 मध्ये एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएसची तुलना केली होती. 256 केबीच्या आत डेटाबेस सरस, 1 एमबीच्या पुढे फाइलसिस्टीम. आकडे जुने झाले, पण मला ही विभागणी अजून पटते. सहीचे नमुने आणि फोटो आत ठेवले, गहाणखतं बाहेर.

बाहेर ठेवलं की ट्रान्झॅक्शनचं छत्र जातं. म्हणून क्रम पाळायचा: साठवताना आधी फाइल डिस्कवर पक्की, मग तिचा पत्ता आणि चेकसम टेबलात. पुसताना उलट, आधी ओळ, मग फाइल. मध्येच वीज गेली तर एखादी बेवारस फाइल उरते. ती रात्रीचा स्क्रिप्ट उचलतो.