काढणे, धुणे, येणे : जुन्या कॅमेऱ्यांच्या छंदातील तीन क्रियापदे

छायाचित्राविषयी मराठी माणूस बोलू लागला की तीन क्रियापदे हटकून येतात. फोटो ‘काढतात’, रोल ‘धुतात’ आणि फोटो चांगला किंवा वाईट ‘येतो’. मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याने यांपैकी मधले क्रियापद जवळजवळ निकामी केले असून उरलेल्या दोहोंमधील अंतरही पुसून टाकले आहे. बोट लागताच फोटो काढून झालेला असतो आणि आलेलाही असतो. तथापि फिल्मवर चालणारे जुने कॅमेरे दुरुस्त करून वापरणारे, किंवा पत्र्याच्या डब्याला भोक पाडून घरीच कॅमेरा तयार करणारे जे हौशी लोक आज आढळतात, त्यांच्या व्यवहारात ही तिन्ही क्रियापदे पुन्हा आपापल्या जागी उभी राहिलेली दिसतात. हा छंद म्हणजे गतकाळाविषयीची हळवी ओढ, एवढेच म्हणून तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. भाषेच्या अभ्यासकाला तरी त्यात एक जिवंत शब्दव्यवहार पाहावयास सापडतो.

या विवेचनासाठी नालवाडी हे गाव समोर ठेवणे सोयीचे आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या या गावी विनोबा भावे १९३२ मध्ये राहावयास आले आणि सूतकताईच्या मजुरीवर माणसाचा निर्वाह होतो की नाही, याचा प्रयोग त्यांनी येथे केला. पुढे गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली येथेच मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचे चर्मालय चालले. वस्तू कोणाच्या हातून व कोणत्या क्रमाने तयार होते हा प्रश्न या परिसरात एके काळी फार गंभीरपणे विचारला गेला. नालवाडीपासून काही मैलांवरच्या सेवाग्रामात त्याच सुमारास एक तरुण कॅमेरा घेऊन वावरत होता. त्याच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

प्रथम ‘काढणे’. चित्र काढणे या जुन्या प्रयोगावरूनच फोटो काढणे हा प्रयोग आला, हे उघड आहे. प्राकृतातील ‘कड्ढइ’ म्हणजे ओढणे. तेच मराठी ‘काढणे’चे मूळ. हिंदी भाषक फोटो ‘खींचतो’, म्हणजे तोही ओढतोच. वर्ध्याकडच्या बोलण्यात हिंदीच्या सहवासाने ‘फोटो खिचला’ असेही ऐकू येते. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने तेथे काही बिघडलेले नाही, एका ओढण्याच्या जागी दुसरे ओढणे आले इतकेच. परंतु आजच्या मराठी जाणिवेत ‘काढणे’चा मुख्य अर्थ आतून बाहेर आणणे हा आहे. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात. कन्नडमधील ‘तेगे’ आणि तेलुगूतील ‘तीयु’ ही फोटोसाठी वापरली जाणारी क्रियापदेही बाहेर काढणे याच अर्थाची आहेत. बंगाली माणूस छबी ‘तोलतो’, म्हणजे उचलतो. गुजराती माणूस फोटो ‘पाडतो’. एकच यंत्र, एकाच शतकात, शेजारशेजारच्या भाषांत आले आणि कोणी ओढले, कोणी उचलले, कोणी पाडले. येथे मराठी आणि कोंकणी (‘फोटो काडप’) या दोन भाषा दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या बाजूला उभ्या आहेत, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. एवढ्यावरून भाषासंपर्काचा सिद्धांत मांडणे मात्र घाईचे होईल.

‘काढणे’त आणखी एक खोच आहे. ‘त्याने फोटो काढला’ या वाक्यात कॅमेरा कोणाच्या हाती होता हे निश्चित होत नाही. स्टुडिओत जाऊन खुर्चीवर बसलेला माणूसही घरी येऊन ‘फोटो काढला’ असेच सांगतो. ‘काढून घेतला’ हा प्रयोग उपलब्ध असूनही व्यवहारात तो पुष्कळदा वगळला जातो. ज्या समाजात कॅमेरा बहुतेकांच्या मालकीचा नव्हता, तेथे हा संदिग्धपणा कोणाला अडचणीचा वाटला नाही.

आरंभीच्या काळी मात्र कॅमेरा ज्याच्या हाती असे त्यालाच पुढचे सर्व करावे लागे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर द्राव पसरणे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालणे आणि वाळण्यापूर्वी अंधारखोलीत नेणे, ही सर्व कामे एकाच हाताने काही मिनिटांत उरकावी लागत. काढणे आणि धुणे यांची फारकत पुढे झाली. १८८८ मध्ये ईस्टमन यांनी आणलेला कोडॅक कॅमेरा शंभर चित्रांची फिल्म भरून विकला जाई आणि ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे परत पाठवावयाचा असे. त्या दिवसापासून खटका दाबणारा एक आणि धुणारा दुसरा, अशी श्रमविभागणी रूढ झाली. भारतात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तयार केलेल्या आग्फा क्लिक–३ या स्वस्त व सुटसुटीत कॅमेऱ्याने ती मध्यम वर्गाच्या घरोघरी नेली. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस अशी बारा चित्रे, एवढाच त्याचा पसारा. बारा फोटो झाले की रोल गावातल्या स्टुडिओत ‘धुवायला टाकावयाचा’.

हे ‘धुणे’ म्हणजे नेमके काय? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते कपड्यांच्या धुण्यासारखेच होते: मळलेले द्यावयाचे, स्वच्छ घ्यावयाचे. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया झाकल्या गेल्या. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. त्यांवर प्रकाश पडला की डोळ्यांना न दिसणारा असा बदल होतो. हा अदृश्य ठसा डेव्हलपर नावाचा द्राव काळ्या चांदीच्या रूपाने प्रकट करतो. नंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेले क्षार विरघळवून टाकतो. तो नसता तर उजेडात नेताच सारे चित्र काळे पडले असते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदविला होता, आणि निगेटिव्ह व पॉझिटिव्ह हे शब्द छायाचित्रणात रूढ करणारेही तेच. (ऋण आणि धन हे गणितातील मराठी प्रतिशब्द येथे रुजले नाहीत, निगेटिव्ह मात्र स्त्रीलिंगी होऊन घरचीच झाली.) तिसरी क्रिया साध्या पाण्याची. खरे धुणे ते एवढेच, आणि नाव मिळाले ते त्यालाच.

नालवाडीच्या चर्मालयाचा उल्लेख वर आला तो उगाच नव्हे. छायाचित्रणाचे जिलेटिन गुरांच्या कातडी व हाडांपासूनच काढतात. उष्ण पाण्यात ते फुगते, मऊ होते आणि फिल्मवरून सुटू लागते. डेव्हलपरसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले जाते. वर्ध्याच्या मे महिन्यात नळाचे पाणीच तिशीच्या पुढे असते. तेथे बर्फ किंवा माठाचे पाणी वापरून द्राव थंड करणे, अथवा क्रोम तुरटीच्या द्रावात फिल्म बुडवून जिलेटिन घट्ट करणे, असे दोनच मार्ग उरतात. हीच क्रोम तुरटी कातडी कमावण्याच्या आधुनिक पद्धतीतही वापरली जाते, आणि दोन्हीकडे तिचे कार्य एकच आहे. रसायनाच्या दृष्टीने पाहता उन्हाळ्यात फिल्म ‘कमावतात’ असे म्हटले असते तर ते ‘धुण्या’पेक्षा अधिक अचूक ठरले असते. पण धंद्याचा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून घडतो, रसायनशास्त्रज्ञाच्या नव्हे.

आता ‘येणे’. ‘फोटो चांगला आला’ या वाक्यातून काढणाराही गेला आणि धुणाराही गेला. उरला फोटो, आणि कर्तृत्व त्याचेच. पीक येते, रंग येतो, त्याच जातीचा हा प्रयोग आहे. फरक असा की पीक आधी येते आणि मग काढतात. फोटो आधी काढतात आणि मग येतो. मध्ये जो काळ जातो त्यात काय घडले हे माणसाच्या पूर्ण स्वाधीन नसते, हे या अकर्मक क्रियापदाने मान्य केलेले आहे. बिघाडाचे शब्दही असेच अकर्मक आहेत. हात माणसाचा हलतो, परंतु म्हणावयाचे ‘फोटो हलला’. कॅमेऱ्याचे झाकण चुकून उघडले की ‘रोल जळला’. आग कोठेही नसते, मात्र प्रकाश लागलेली निगेटिव्ह धुतल्यावर खरोखरच कोळशासारखी काळी निघते.

सेवाग्रामातील तो तरुण म्हणजे कनू गांधी (१९१७–१९८६), महात्माजींचे पुतणनातू. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. महात्माजींनी फोटो काढण्यास अनुमती दिली ती तीन अटींवर: लखलखाटाचा दिवा वापरावयाचा नाही, कोणतीही ढब घेण्यास सांगावयाचे नाही, आणि आश्रमाने खर्च सोसावयाचा नाही. या अटींचा नैतिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. त्यांचा तांत्रिक अर्थ जुना कॅमेरा हाताळणाऱ्याला अधिक लवकर उमगतो. मातीच्या भिंतींच्या झोपडीत, त्या काळच्या मंद फिल्मवर, केवळ दारातून येणाऱ्या उजेडात काम करावयाचे म्हणजे शटर अधिक वेळ उघडे ठेवणे आले. आणि ज्याला स्थिर बसा असे सांगावयाचे नाही तो हलणार, हेही आले. म्हणजे ‘येणे’ सर्वस्वी फोटोच्या मर्जीवर. रोलायफ्लेक्समध्ये वरच्या काचेवर प्रतिमा सरळ परंतु डावी-उजवी उलटलेली दिसते आणि ती पाहण्यासाठी कॅमेरा कमरेशी धरून मान खाली घालावी लागते. त्यामुळे जमिनीवर बसून कातणाऱ्या माणसाचा फोटो उभ्याने, वरून पाहिल्यासारखा येण्याचे टळते. महात्माजींच्या अखेरच्या दशकाचे जे दर्शन आज घडते, त्याचा मोठा भाग या कमरेइतक्या उंचीवरून आलेला आहे.

घरी कॅमेरा बनविणाऱ्यांची परंपराही महाराष्ट्राला अपरिचित नाही. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचे मनात घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. आजच्या हौशी माणसाची महत्त्वाकांक्षा इतकी मोठी नसते. त्याचा डबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातील ‘सूचिछिद्र कॅमेरा’च होय. चहाचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवावयाचा, एका बाजूस सुईने छिद्र पाडावयाचे, समोरच्या बाजूस आतून फोटोचा कागद लावावयाचा. छिद्र आणि कागद यांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर छिद्राचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर असावा. मोठे झाले तर चित्र पुसट होते, फार लहान झाले तर प्रकाश छिद्राच्या कडेशी वाकून पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच होते. स्वच्छ उन्हात अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत छिद्र उघडे ठेवावे लागते. भिंग नाही, खटका नाही. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा उचलला की काढणे सुरू झाले, परत लावला की संपले. २००१ पासून दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभरचे हौशी लोक अशा कॅमेऱ्यांनी काढलेले एकेक चित्र एकमेकांपुढे ठेवतात. त्या दिवशी विदर्भात उन्हाची तरी वाण नसते.

चित्र एकमेकांना दाखविण्याची या मंडळींची रीत पाहण्यासारखी आहे. नुसते चित्र पुढे केले जात नाही. त्याबरोबर कॅमेरा कोणता, रोल कोणता, उजेड कसा होता, छिद्र किती वेळ उघडे होते, कोणत्या द्रावात किती मिनिटे धुतले, हे लिहिलेले असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला येथे पोथीच्या पुष्पिकेची आठवण व्हावी. पोथी उतरून झाल्यावर लेखक आपले नाव, शक, तिथी, स्थळ नोंदवतो; त्यावरून प्रतीची परंपरा लावता येते आणि दोष कोठे शिरला हे शोधता येते. येथेही हेतू तोच. कडेला पांढरा पट्टा का आला, याचे उत्तर त्या चार ओळींत असते आणि वाचणारा आपल्या डब्याचे झाकण तपासून पाहतो. त्यातही बरेचदा ‘आला’ हे क्रियापद गळून ‘धुताना मी घाई केली’ असे सकर्मक, उत्तम पुरुषी वाक्य अवतरते. तिन्ही कामे एका हाती परत आल्याचा हा व्याकरणातील पुरावा मानावयास हरकत नाही.

स्टुडिओवाल्यांनी दोन-तीन पिढ्या वापरलेला हा शब्दसंग्रह कोशांत फारसा उतरलेला नाही. शासकीय परिभाषेने ‘छायाचित्र’ दिले आणि ते छापील मराठीत पक्के झाले. प्राकृत वाक्याखाली संस्कृत ‘छाया’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या शब्दातील प्रतिरूपाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. परंतु ‘छायाचित्र जळले’ किंवा ‘छायाचित्र हलले’ असे कोणी म्हणत नाही. जळणे, हलणे, येणे ही फोटोचीच क्रियापदे राहिली. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बाजारातून गेली, बहुतेक गावांतील अंधारखोल्या बंद झाल्या आणि ज्यांच्या तोंडी हे शब्द नेमक्या अर्थाने होते ते कारागीर आता वृद्ध आहेत. जिल्ह्यातील एकेका जुन्या स्टुडिओत बसून हे शब्द टिपून घेणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे, आणि ते पुढच्या पिढीवर ढकलता येण्याजोगे नाही.

या शब्दांपैकी एकाची जागा तर आताच गेली आहे. ‘रीळ’ हा शब्द आधी दोऱ्याचा, मग फिल्मचा झाला. ‘रील’ म्हणजे आज फोनवर पाहावयाची अर्ध्या-एक मिनिटाची चलच्चित्रफीत. त्यामुळे जुना कॅमेरा हाती घेतलेला विशीतला तरुण फिल्मसाठी ‘रील’ म्हणण्याचे टाळतो आणि आजोबांप्रमाणे ‘रोल’ असेच म्हणतो.