चेंडूला हात न लावता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रॉबस्टाउन नावाचे गाव आहे. भोवताली कापसाची शेते. त्या शेतांत भावांबरोबर कापूस वेचणारा एक काळा मुलगा होता, जीन अपशॉ. जन्म १५ ऑगस्ट १९४५ चा. हा मुलगा पुढे अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू झाला आणि खेळ संपल्यावर खेळाडूंच्या युनियनचा पुढारी. घरातल्या मुलांना बसवून ही हकीकत वाचून दाखवावी अशी आहे.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपल्या मैदानावर खेळतात तो फुटबॉल नव्हे. यात लांबोळा चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा. चढाई करणाऱ्या संघात अकरा गडी. त्यातले पाच पुढे ओळीने उभे. या पाचांच्या वाट्याला चेंडू सहसा येतच नाही. समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अंगावर घ्यायचे, रोखायचे आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. गुण दुसऱ्याच्या नावावर, टाळ्याही त्यालाच. मार मात्र यांना. अपशॉ या ओळीत डावीकडचे ‘गार्ड’ होते.

त्यांचे कॉलेज लहानसे, किंग्जव्हिल गावातले टेक्सास ए अँड आय. मैदानाच्या कडेला उभा राहून सराव बघणाऱ्या या पोराला प्रशिक्षक गिल स्टाइंकी यांनी आत बोलावले, तेथून सुरुवात झाली. १९६७ साली ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. कारण सरळ होते. कॅन्सस सिटीच्या संघात बक बुकॅनन नावाचा सहा फूट सात इंचांचा गडी होता, त्याला अडवील असा माणूस हवा होता. अपशॉ सहा फूट पाच इंच.

नुसती उंची आणि ताकद असती तर त्यांचे एवढे नाव झाले नसते. त्यांचे खरे वैशिष्ट्य पळण्यात. चेंडू सुटला की ते ओळीतली जागा सोडून बाजूला धावत आणि चेंडूवाल्याच्या पुढे राहून येईल त्याला बाजूला सारत जात. कोपरापर्यंत पांढरी पट्टी गुंडाळलेले त्यांचे हात पाहून समोरच्याने काय ते ओळखावे! शेजारी आर्ट शेल हा दुसरा काळा खेळाडू असे. याच शेल यांना पुढे १९८९ साली रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक करण्यात आले. आधुनिक काळात ते पद मिळवणारे ते पहिले काळे गृहस्थ. जानेवारी १९७७ च्या सुपर बोल सामन्यात रेडर्सनी मिनेसोटाला ३२-१४ असे हरवले. त्या दिवशी नुसत्या पळण्यावर त्यांनी २६६ यार्ड काढले. अपशॉ पंधरा मोसम खेळले, २१७ सामने. त्यातले २०७ सलग. १९८७ साली त्यांना खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळाला.

आता दुसरी बाजू. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला हव्या त्या संघात मोकळेपणाने जाता येत नसे. १९८२ साली, म्हणजे आपल्याकडे गिरणी संप चालू होता त्याच वर्षी, खेळाडूंनी ५७ दिवसांचा संप केला. १९८३ पासून युनियनचा कारभार अपशॉ यांच्याकडे आला. १९८७ साली पुन्हा संप झाला. मालकांनी बदली खेळाडू आणून सामने चालू ठेवले, नावाजलेले काही खेळाडूही फुटून आत गेले, आणि २४ दिवसांनी बाकीचे करार पदरात न पडताच कामावर परतले. हे कसे होते ते गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेल्यांना सांगायला नको.

पण अपशॉ घरी बसले नाहीत, कोर्टात गेले. मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार मिळावा म्हणून १९८९ साली युनियनने वाटाघाटीचा आपला हक्कच सोडून दिला. डाव धाडसाचा होता. १९९२ साली मिनियापोलिसच्या ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या करारात ठराविक वर्षे खेळलेल्याला संघ बदलण्याची मोकळीक मिळाली. बदल्यात प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा मान्य करावी लागली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. निवृत्त खेळाडूंची त्यांच्यावर मोठी नाराजी होती. पिट्सबर्गचे माइक वेब्स्टर ओळीतलेच गडी. डोक्याला मार खाऊन खाऊन मेंदू निकामी झाला आणि २००२ साली पन्नासाव्या वर्षी ते गेले. मालक आणि युनियन दोघांचे प्रतिनिधी असलेल्या पेन्शन मंडळाशी त्यांच्या कुटुंबाला कोर्टात भांडावे लागले. २००६ मध्ये अपील कोर्टातही कुटुंब जिंकले. निवृत्तांनी आपल्याला नेमलेले नाही, असे अपशॉ तेव्हा जाहीरपणे म्हणाले. ते पद आज खेळणाऱ्यांच्या मतांवर होते हे खरेच. तरी ज्यांच्याबरोबर मार खाल्ला त्यांना हे ऐकून काय वाटले असेल? २००७ साली स्मृतिभ्रंश झालेल्या जुन्या खेळाडूंच्या शुश्रूषेचा खर्च देणारी योजना सुरू झाली. फार उशिरा, पण झाली.

२० ऑगस्ट २००८ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने अपशॉ वारले. आजार कळून जेमतेम तीन दिवस झाले होते. वय ६३, आणि मैदानावर त्यांचा क्रमांकही ६३ च. त्या मोसमात खेळाडूंनी त्यांची आद्याक्षरे आणि तो आकडा असलेली पट्टी जर्सीवर लावली.